चावी कोणाच्या हातात द्यायची नाही

लास क्रुसितास, न्यू मेक्सिको
रविवार, १ जून १९८६, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. आत्यास, फिदेन्सियोचे सा. न. वि. वि.

आत्ता मी शेवरलेच्या मागच्या दाराच्या बिजागराला तेल देत होतो. ते काम अर्धे ठेवून, हात धुऊन लिहायला बसलो आहे, कारण एक गोष्ट तुझ्या परवानगीशिवाय करायची नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझी घरमालकीण निरोप अर्धाच सांगते, म्हणून पत्र.

मंगळवारी टायरच्या दुकानात नॅडीन नावाची बाई आली. कॅलिफोर्नियातली एक मंडळी इकडे सिनेमा काढायला आली आहे आणि त्यांच्या गाड्यांचे सगळे ती बघते. आपली एक्कावन्नची शेवरले बाहेर उभी होती. नॅडीन तिच्याभोवती तीनदा फिरली, मग तिने मला विचारले की ही कोणाची. मी म्हणालो, माझ्या आत्याची, मी फक्त सांभाळतो. ती म्हणाली की आत्याला विचार, दिवसाला दीडशे डॉलर देऊ. १७ आणि १८ जून असे दोन दिवस, खोऱ्यातल्या त्या बंद पडलेल्या गुरांच्या वाड्यावर काम आहे.

डेल्फिनाचे लग्न शनिवारी २१ तारखेला, सकाळी अकराला देवळात मिस्सा. मध्ये दोन दिवस मोकळे राहतात. मी चार वेळा मोजून पाहिले. आपल्या घरातली प्रत्येक नवरी, तुझ्यापासून, याच गाडीतून देवळात गेली आहे, ते मी विसरलेलो नाही. पैसे आले तर अर्धे तुझे. तुझ्या कंबरेच्या औषधाला होतील.

डेल्फिना म्हणते की गाडीचे काय ते तुम्ही दोघे ठरवा, मला बाकीची कामे पुष्कळ आहेत. आई गेली, तिच्या आजारपणाची पाच वर्षे संपली, तरी तिची उठबस संपलेली नाही. परवा भांडी घासता घासता उभ्यानेच झोपली. तिची एकच मागणी आहे. देवळात निघण्याआधी घरी गुडघे टेकून आशीर्वाद घ्यायचा असतो, तो बाबांच्या जागी उभे राहून मी द्यायचा. मी तिचा आठ वर्षांनी लहान भाऊ. जिने माझे केस विंचरले तिच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा? तरी शब्द पाठ करतो आहे. सकाळी सहाला दुकान, संध्याकाळी लग्नाची खरेदी, मग गाडी. पाठ केलेले सकाळी आठवत नाही.

उत्तर लवकर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा,
फिदेन्सियो


पुएब्लो, कोलोराडो
५ जून

चि. फिदेन्सियोस, आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर इतकं सरळ की घरमालकीण म्हणाली, वकिलाकडून आलंय का. मी म्हटलं, नाही बाई, आमच्या पोराने आठवीत शाळा सोडली, पण शब्दकोश उशाशी घेऊन झोपतो.

माझी कंबर आहे तशीच आहे. जिना उतरायचा म्हणजे आधी देवाचं नाव, मग कठडा. लग्नाला येणं होणार नाही, हे आता धरूनच चाल. डेल्फिनाला मी वेगळं लिहिते.

गाडी दे. पत्र्याचं नशीब एकदा तरी उघडू दे. माझा सेलेस्तिनो आज जिवंत असता तर शेजारच्या तीन गावांत सांगत फिरला असता. पण दोन गोष्टी कागदावर लिहून घे आणि सही घे. एक, चावी तुझ्याशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही. सिनेमावाले म्हणजे भाड्याच्या घरात चूल पेटवणारी माणसं, त्यांचं काय जळतं? दुसरी, रात्री गाडी घरी आली पाहिजे.

आणि तू जेव. तुझी बहीण लिहिते की तू उभ्याने बीन्स खातोस. घरात एक उभ्याने झोपते, दुसरा उभ्याने जेवतो. खुर्च्या विकल्यात का रे?

आशीर्वादाचे शब्द पाठ कर, पण त्याचं फार ओझं घेऊ नकोस. हात जड ठेवला नाहीस म्हणजे झालं.

माझी माया आहे तिथेच आहे, तिला जिना नाही.

तुझी आत्या,
एर्मेलिंदा


लास क्रुसितास
बुधवार, १८ जून, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी ओसरीवर बसून लिहितो आहे. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. आधी सांगतो की गाडीला ओरखडासुद्धा नाही. चूक दुसरीच आहे.

काल सकाळी सातला गाडी घेऊन गेलो. तुझ्या दोन्ही अटी मी करारात स्वतः लिहिल्या होत्या. नॅडीन हसली, पण सही केली. मग दोन माणसे आली आणि त्यांनी गाडीवर बारीक पिवळी माती फवारली, चाकांना चिखल लावला, काचेवर फडके फिरवून डाग पाडले. मी उभा राहून बघत होतो. दोन रविवार मेण घासलेली गाडी, आत्या. नॅडीन म्हणाली, असा चेहरा करू नकोस, माती खोटी आहे, पाण्याने जाते. गोष्टीतला माणूस बायकोला सोडून निघतो, दाराला हात लावून थांबतो, मग गाडीत बसून जातो आणि दोन मैलांवरून परत येतो. निघण्याचा भाग काल घेतला, परतण्याचा आज घ्यायचा होता.

कराराप्रमाणे संध्याकाळी गाडी घरी आणली. तुला माहीत आहे, आपल्या अंगणात गाडी मळकी उभी राहिलेली कोणी पाहिलेली नाही. लग्नाचे घर, बायका मक्याच्या पिठाचे तमाले करायला जमलेल्या. एकीने विचारलेच की शेवरले नदीत पडली होती का. मी बादली घेतली. धुतली, पुसली, वरून मेणाचा एक हात दिला. आज सकाळी चकचकीत गाडी घेऊन मी हजर. खरे सांगतो, मला वाटले की ते मला शाबासकी देतील.

नॅडीनचे च्युइंगम चघळणे थांबले. तिथे एक बाई असते, तिचे काम एवढेच की कालचे सगळे फोटो जवळ ठेवायचे आणि आज तसेच्या तसे आहे का ते बघायचे. ती फोटो हातात घेऊन गाडीपाशी आली, तिने एकदा फोटोकडे, एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघितले आणि ती सरळ दिग्दर्शकाकडे गेली. गोष्टीत मध्ये जेमतेम पाच मिनिटे गेलेली असतात. एवढ्यात गाडी कोणी धुतली? त्यांनी पुन्हा माती फवारून पाहिली. पण काल त्या नटाच्या हाताचा पंजा दारावरच्या मातीत उमटला होता आणि तो जवळून घेतलेला होता. तसा पंजा पुन्हा जमेना. शेवटी दिग्दर्शकाने सांगितले की दोन्ही भाग पहिल्यापासून घ्यायचे. नट उद्या आणि परवा दुसरीकडे आहे. तो मिळणार शनिवारी सकाळी.

शनिवारी, आत्या. सात ते बारा.

मी नाही म्हणालो. नॅडीनने करार दाखवला. काम पुरे होईपर्यंत गाडी द्यायची, असे त्यात होते. मी गाडी काढून घेतली तर त्या दिवसाचा त्यांचा खर्च माझ्यावर. तो आकडा मी इथे लिहीत नाही. टायरच्या दुकानात तो फिटायला माझी अकरा वर्षे जातील. गाडी तिथे ठेवायची तर मलाही तिथेच राहावे लागेल, कारण चावी माझ्याशिवाय कोणाच्या हातात नाही, हे मीच लिहिलेले. आणि दहा वाजता घरी डेल्फिना गुडघे टेकून बसणार. माझ्याशिवाय तिच्या डोक्यावर हात ठेवायला कोणी नाही.

तिला अजून सांगितलेले नाही. ती आत कांदे चिरते आहे. नवरदेव उरबानो सकाळी येऊन गेला. तो शाळेची बस चालवतो, त्यामुळे तो सगळ्यांचे उशीर माफ करतो, पण हा कसा माफ करील?

तू म्हणशील तसे करीन. हे पत्र उद्या सकाळच्या टपालात टाकतो. उत्तर शुक्रवारपर्यंत येणे कठीण, हे मलाही कळते. तरी लिहितो.

कमी-जास्त मनात धरू नकोस.

फिदेन्सियो


पुएब्लो
शुक्रवार, २० जून

चि. फिदेन्सियोस, अ. उ. आ.

टपालवाला आत्ताच गेला. पत्र उभ्यानेच वाचलं, आता कंबर बोलते आहे. हे तुला सोमवारच्या आत पोचणार नाही, तरी लिहिते, नाहीतर रात्रभर छताशी बोलत बसेन.

चावी देऊन टाक. ऐकलंस? त्या च्युइंगमवालीच्या हातात दे आणि घरी जा.

आता एक ऐक, जे मी अठ्ठावीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. माझ्या लग्नाला मी त्या गाडीतून गेलेच नाही. सेलेस्तिनोने ती तीनच आठवड्यांपूर्वी घेतली होती. मला न्यायला येणार होता. मी डोक्यावर नवरीची पांढरी जाळी घेऊन दारात, आई बाजूला, उन्हात आम्ही दोघी. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवटी आई म्हणाली, चल, पाय देवाने दिलेत. आम्ही चालत गेलो, पायात पांढरे बूट, रस्त्यात शेण. नवरदेव मागून आला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. गाडी धूत होता. चाकांच्या टोप्या राहिल्या होत्या म्हणे. फादरनी काही विचारलं नाही, मीही नाही.

पुढे तोच लोकांना सांगू लागला की एर्मेलिंदा या गाडीतून देवळात आली. इतका आनंदाने सांगायचा की मी हो म्हणत गेले. मग तुझी आई तीतून गेली, मग चुलत बहिणी, आणि त्याचा रिवाज झाला. गाडीवर जीव टाकणारा माणूस वाईट नसतो रे, मी त्याच्याबरोबर सत्तावीस वर्षं सुखात काढली. पण त्या पाऊण तासात मी दारात उभी होते, ते मला अजून आठवतं.

तुझी बहीण पुष्कळ उभी राहिली आहे.

देव तुला वेळेवर शहाणपण देवो. मी दिलेलं उशिरा पोचेल.

एर्मेलिंदा


लास क्रुसितास
सोमवार, २३ जून, दुपारचे बारा वाजून पाच मिनिटे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज साडेअकराला मिळाले. दोनदा वाचले. आता मी तुझ्या परवानगीशिवाय काय केले ते सांगतो.

शनिवारी सातला वाड्यावर होतो. माती फवारून झाली आणि ढग आले. पहिल्या दिवशी ऊन होते, म्हणून आजही ऊनच पाहिजे. सगळे डोके वर करून बसलेले. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी तीन रात्री झोपलो नव्हतो आणि मला उभे राहवत नव्हते. मी गाडीच्या पायरीवर बसलो. तिथे बसून वाटले की आत्ता डेल्फिना आरशापुढे असेल आणि घड्याळाकडे बघत नसेल, कारण मी येणारच असे ती धरून चालते. आई आजारी असताना मी दुकानातून उशिरा यायचो, तेव्हाही तिने कधी विचारले नाही. तिने विचारले असते तर मी कदाचित बसून राहिलो असतो.

नऊ पन्नासला मी चावी नॅडीनच्या हातात दिली. करारातली ओळ माझ्याच पेनाने खोडून सही केली. थंड असताना चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कसा धरायचा, हे सगळे मी आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवले होते, चौदा मुद्दे. का लिहिले ते तेव्हा स्वतःला विचारले नाही. तिने कागद खिशात घातला आणि म्हणाली की तिच्या नवऱ्याने तिला मूल पहिल्यांदा हातात देतानाही एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या. मग म्हणाली, पळ आता.

शेजारचा अनसेल्मो पिकअप घेऊन रस्त्यावर सिनेमाचे काम बघत थांबला होता. गाडीत कांद्याची पोती. दहा वाजून बारा मिनिटांनी घरी पोचलो. डेल्फिना अंगणात डोक्यावर पांढरी जाळी घेऊन उभी. मी म्हणालो की गाडी आणता आली नाही. ती म्हणाली, तू आलास ना, मग हात धू, मातीचे आहेत.

मी हात धुतले. ती आणि उरबानो गुडघ्यांवर बसले. मी हात ठेवला, जड नाही ठेवला, आणि पाठ केलेले सगळे शब्द गेले. एकही आठवेना. बायका बघत होत्या. मी म्हणालो, देव तुला बसायला वेळ देवो. एवढेच. मागे कोणीतरी हसले. डेल्फिनाचे खांदे हलले, आणि ती हसते की रडते हे मला वरून दिसत नव्हते. पुष्कळ वेळ ती उठली नाही. मग उरबानोने हळूच आठवण करून दिली की फादर थांबले आहेत.

ती पिकअपमध्ये अनसेल्मोच्या आणि माझ्या मध्ये बसून देवळात गेली. तिची जाळी माझ्या मांडीवर होती. कांद्याचा वास लग्नभर आला, असे उरबानोची आई म्हणाली. ती आणखी दहा वर्षे म्हणेल.

पावणेचारला हॉलमध्ये नाच चालू होता. मी खिडकीपाशी बूट काढून बसलो होतो. बाहेर शेवरले आली, चाकांपासून टपापर्यंत मातीने भरलेली. नॅडीन आत आली, कोणीतरी तिला हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा वाडगा दिला, तिने दुसराही मागून घेतला. जाताना चावी माझ्या ताटाशी ठेवली आणि म्हणाली की काम झाले, पंजा छान उमटला. लोक गाडीकडे बघून माझ्याकडे बघत होते. मी उठलो नाही. डेल्फिना घाम पुसत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनेही बूट काढले. दोन गाणी संपेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

तुझी गोष्ट तिला सांगू का, ते कळव. तू म्हणशील तर पोटात ठेवीन.

माझ्यावरचा लोभ या हिशोबाने कमी होणार नाही, असे धरतो.

मिळाले: दोन दिवसांचे तीनशे डॉलर. शनिवारचे काही नाही, चूक माझी होती.
खर्च, दोघांचा: पेट्रोल १४.३४, टपाल ०.६६, एकूण पंधरा डॉलर.
उरले २८५. तुझे निम्मे १४२.५०, सोबत मनीऑर्डर.
माझ्या वाट्यातून: साबण आणि मेण ५.७५.
देणे: अनसेल्मो, पेट्रोलचे तीन डॉलर. तो घेत नाही, तरी देणे ते देणे.
डेल्फिनाच्या पर्सच्या अस्तरात शंभर डॉलर. तिला माहीत नाही. तुला सांगितले, कारण हा हिशोब आहे.

फिदेन्सियो