गोधडी, स्केल एकास दहा

३ मार्च, सकाळी ७.१५
रिटायर होऊन एकोणीस दिवस झाले. आजपासून शिवणकाम. बत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे काढले. गोधडी म्हणजे काय, चौकोनाला चौकोन. बायका याला कला म्हणतात, कारण त्यांचं भूमितीशी वाकडं.
यादी : उशांचे अभ्रे सहा. पडदे चार. मुख्य प्रोजेक्ट, लेकीच्या बाळासाठी गोधडी. डॉक्टरांनी तिला मेअखेरची तारीख दिलीय. मी गोधडीला पंधरा एप्रिल दिली.

५ मार्च
बायकोने विचारलं, आधी चिंध्यांवर हात बसवणार का. सराव नवशिक्यांनी करावा.
पहिला अभ्रा तयार. उशी आत जात नाही. कापूस वाट्टेल तसा कोंबलाय.

५ मार्च, संध्याकाळी
अभ्रा चारही बाजूंनी शिवला गेलाय. हे बायकोने दाखवलं. मोठं काही दिसत नाही तिला, असलं बारीकसारीक बरोब्बर दिसतं.

११ मार्च
मशीन बिघडलं. बायकोचंच मशीन, तिने इतकी वर्षं कसंही वापरलेलं. मशीनवाला आला. सुई काढली, फिरवून उलटी बसवली, चालता झाला. पिशवीतून एक हत्यार काढलं नाही. याला म्हणे कारागीर.

१८ मार्च
पडदे. दोन जमिनीवर लोळतात, दोन खिडकीच्या कठड्यापर्यंतही पोचत नाहीत. खिडक्याच वरखाली बसवल्यात. गवंड्यांकडून दुसरी काय अपेक्षा!
उरलेले अभ्रे रद्द. फालतू कामात वेळ जातोय.

२ एप्रिल
गोधडीचं ड्रॉइंग पूर्ण. एक्याऐंशी चौकोन, प्रत्येक चार इंच. अप्रतिम.
मऊ जुनं कापड हवं होतं. कपाटावरच्या पेटीत लेकीचे लहानपणचे फ्रॉक सापडले. तेवीस. पंचवीस वर्षं नुसती जागा अडवून. बायको बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात सगळे कापून मोकळा झालो.
संध्याकाळी ती आली. टेबलावरचे ढीग बघितले. मी ड्रॉइंग समजावून सांगितलं. तिने खाली पडलेली फुग्याची एक बाही उचलली आणि आत गेली. कौतुक करायलाही समज लागते.

९ एप्रिल
पहिली ओळ जोडली. नऊ चोक छत्तीस. भरली अठ्ठावीस. टेप खराब. नवा आणला. तोही अठ्ठावीसच म्हणतो.
कोपऱ्यावरच्या शिंप्याला सहज विचारलं, एका मित्राची अडचण म्हणून. तो म्हणाला, तुमच्या मित्राने शिलाईत जाणारं कापड धरलं नसणार. ड्रॉइंगमध्ये रेषेला जाडी नसते, हे त्याला कुठे समजावत बसू.

२१ एप्रिल
पंधरा तारीख गेली. घाईने पूल पडतात.
सगळ्या ओळी जोडल्या. एक कड अठ्ठावीस, समोरची चोवीस. मध्ये टेंगूळ आलंय. पुलाच्या पृष्ठभागाला असा फुगवटा मुद्दाम देतात, पाणी वाहून जावं म्हणून. तान्ह्या बाळाच्या गोधडीला तर तो हवाच. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. दोन तारखेपासून कामापुरतंच बोलते. वय झालंय तिचं.

११ मे
लेकीचा फोन. रविवारी राहायलाच येतेय, बाळंतपण होईपर्यंत. गोधडी तयार आहे म्हणून सांगितलं. भरण घालून टिपा मारल्या होत्याच. नुसती धुवायची राहिली होती.

१२ मे, दुपारी
धुतली. भरण सगळं एका कोपऱ्यात गोळा झालं. मधल्या तीन ओळी उसवल्या. दोरा निकृष्ट.
पेटीत बघितलं. आता एकही फ्रॉक नाही. पेटी बंद केली, पुन्हा उघडून बघितली. सकाळचा चहा राहिला होता, त्याने असेल.

१३ मे
बायकोने तो ओला गोळा वाळवला, मांडीवर घेतला आणि उसवायला बसली. मशीनला हात लावला नाही, हातानेच धावदोरा. मी तिला ड्रॉइंग देऊ केलं.
"नको," ती म्हणाली. "मला हे फ्रॉक पाठ आहेत."
देखरेख करायचं मी मान्य केलं.

१६ मे
चार दिवस ती खिडकीपाशी बसून आहे. देखरेखीची फारशी गरज पडली नाही. गोधडी झाली. चारही कडा सारख्या. दोनदा मोजल्या.

१७ मे, रविवार
लेक आली. गोधडी उलगडून पलंगावर बसली. एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत होती, हा शाळेच्या पहिल्या दिवशीचा, हा जिन्यावरून पडले तेव्हाचा. मग विचारलं, कुणी शिवली.
"बाबांनी," बायको म्हणाली.
मी नाही म्हटलं नाही. डिझाइन माझंच आहे. लेक माझ्या गळ्यात पडून रडली. मग तिने आईचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.
"आणि तुझी बोटं कशी गं एवढी टोचलीत?"
बायको माझ्याकडे बघत राहिली. लेकही बघायला लागली.
मी उठलो. लेकीसाठी पाणी आणतो म्हणालो.
तिच्यासमोर भरलेला ग्लास होता.