खुणेचा रकाना

कोल्हापूर,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रेयस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक, तू हैदराबादेत खुशाल असशील. पत्राची सुरुवात अशी करायची हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथांनी इंग्रजीतून शिकवलं. मराठी पत्रांतही तेच लिहितात हे मला फार उशिरा कळलं.

दादाचे गुडघे बरे आहेत. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी होते, पूर्वी तीन व्हायच्या. दिवाळीत त्यानं तुझ्यासाठी चिवडा वेगळा काढून ठेवायला लावला. तो आता पार सादळलाय, तरी डब्याला कुणाला हात लावू देत नाही. बाप आहे तो तुझा, एवढंच सांगते, जास्त लिहीत नाही.

ईमेल न करता पत्र का, असं तुला वाटेल. ईमेलला तू ‘ओके आत्या’ एवढंच उत्तर देतोस. पत्राला दोन शब्दांत उत्तर द्यायची माणसाला जरा लाज वाटते.

विषय तुझ्या ‘कपाट’ या सॉफ्टवेअरचा आहे. तू नाव ठेवलंस, तू पहिली ओळ लिहिलीस, आणि गावोगावच्या वाचनालयांना ते फुकट आणि मोकळं दिलंस. आज दोनशे बारा वाचनालयं त्यावर चालतात. चौथी आवृत्ती ३० नोव्हेंबरला बाहेर काढायची ठरली आहे. १६ तारखेनंतर कोडला कुणी हात लावायचा नाही. आणि या सगळ्या रिलीजची जुळवाजुळव कुणाच्या गळ्यात पडावी? माझ्या. पडद्यावरच्या मजकुराचं मराठी करता करता मी इथवर आले. कोड सांभाळणारी आपली अंतरा पुण्याहून सांगते, ‘‘मावशी, तुम्ही फक्त यादी बघायची आणि आमच्यावर ओरडायचं.’’ ओरडणं मला कॉलेजच्या ग्रंथालयातल्या तीस वर्षांत जमलं नाही, ते आता काय जमणार?

यादीत एकशे अठरा कामं होती. एकशे सतरा झाली.

उरलेलं एक म्हणजे खुणेचा रकाना.

तुला तो आठवत असेलच. खेडेगावात एका नावाची पाच-सात माणसं असतात, आणि सभासद क्रमांक कुणी पाठ करत नाही. म्हणून तू नावापुढे एक मोकळा रकाना ठेवलास. त्यात ग्रंथपालानं गावात म्हणतात तसं लिहायचं: वडाजवळची, गिरणीवाल्याची, खालच्या आळीची. चौथ्या आवृत्तीत तो रकाना काढला आहे. का काढला ते तुला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही.

मागच्या आठवड्यात चाचणीसाठी नवी आवृत्ती आजऱ्याजवळच्या एका वाचनालयाला पाठवली. तिथले ग्रंथपाल आकाराम उत्साही. नकलेवर करून बघा असं मी ठळक लिहिलं होतं, त्यांनी खऱ्या नोंदींवरच केलं. गावात सात बायडाबाई देसाई आहेत. कपाटानं सातजणींची मिळून एक केली आणि तिच्या नावावर चौदा पुस्तकं लावली. आकारामांनी मला फोन केला तेव्हा त्या सातजणींपैकी एक समोरच उभ्या होत्या. त्यांनी फोन ओढूनच घेतला.

‘‘बाई, मी एक पुस्तक न्हेलं. चौदा कुठनं आली? त्यातली सा तर उसाची हायती! मी काय ऊस लावतो व्हय?’’

मी म्हटलं, चूक आमची आहे.

‘‘तुमची न्हाय तर काय माझी? आन् वडाजवळची बायडा मला म्हणती, माझं पुस्तक तूच दाबलंस. तिचं नि माझं आधीच वाकडं हाय!’’

हसू आलं ना? मलाही आलं. फोन ठेवल्यावर मात्र घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. आकारामांकडे जुनी प्रत होती म्हणून निभावलं. दोनशे बारा ठिकाणी हेच झालं तर? आणि थांबायलाही जागा नाही. डिसेंबरात वाचनालयांना नवे संगणक मिळणार आहेत, त्यांवर आपली जुनी आवृत्ती चालत नाही.

अंतरानं आठवडाभर डोकं घातलं. रकाना परत आणणं सोपं आहे म्हणते, पण प्रत्येक गावानं तो आपापल्या तऱ्हेनं भरलाय, आणि त्या खुणा वाचायची तुझी पद्धत कुणाला उलगडत नाही. तुझ्या टिपाही कुठे सापडत नाहीत.

तू करशील का? तीन वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. त्यात कुणाचं काय चुकलं हे आता उकरून

कुकर झाला, उठून आले. वरचं वाक्य पुरं करत नाही.

वाट बघते.

तुझी,
इरा आत्या


कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

श्रेयस,

बुधवारी ईमेलनं तुझं उत्तर आलं. मला नाही, सगळ्यांना मिळून. ‘‘काम तीन दिवसांचं आहे, करून देतो. अट एकच. रकाना ठेवायचा शब्द देऊन आपण उलटं मत दिलं, हे हंबीररावांनी सगळ्यांसमोर मान्य करावं.’’

हे मी दहा वेळा वाचलं. मग चप्पल घातली आणि राजारामपुरीत हंबीररावांकडे गेले. ते व्हरांड्यात चष्मा कपाळावर सारून बसले होते.

‘‘या इरावतीबाई. वाचलं मी. लिवून टाका की, मान्य हाय म्हणून.’’

‘‘पण तुम्ही फिरला नव्हता, हंबीरराव.’’

‘‘ते मला ठावं हाय. पोरगं परत येतंय न्हवं? मग माझं काय झिजतंय?’’

त्यांनी खरंच कागद पुढे ओढला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग कोण फिरलं, असं त्यांनी विचारलं नाही. तीन वर्षांत कधीच विचारलं नाही.

रकान्याचं मतदान तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच घरी झालं होतं. आपण पाच जण. सगळ्या गावांच्या नोंदी एकसारख्या हव्यात म्हणून अंतरा आणि गुरुप्रसाद उघडपणे रकाना काढा म्हणत होते. तू, हंबीरराव आणि मी ठेवा म्हणणारे. घरात भांडण नको म्हणून हंबीररावांनीच चिठ्ठ्या टाकायला लावल्या, पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. उघडल्या तेव्हा तीन ‘काढा’, दोन ‘ठेवा’. तू मनात जमवलंस: एक ‘ठेवा’ तुझं, दुसरं आत्याचं, म्हणजे हंबीरराव फिरले.

दुसरं ‘ठेवा’ हंबीररावांचं होतं. तिसरं ‘काढा’ मी लिहिलं.

लिहिलं एकदाचं. शाळेत शुक्रवारी माझी मैत्रीण रोझी पापांची कबुली द्यायला चॅपलमधल्या त्या लाकडी खोक्यात जायची आणि पाच मिनिटांत हसत बाहेर यायची. आम्हा हिंदू मुलींना तिथे जायचं नसे. मला तिचा फार हेवा वाटायचा. आज वरचं वाक्य लिहून झालं, पण हलकं वगैरे काही वाटलं नाही.

तुझं हैदराबादचं नोकरीचं पत्र तेव्हा महिनाभर टेबलावर पडून होतं. तू त्याला उत्तर देत नव्हतास. त्या आठवड्यात दादा माझ्याकडे आला, चहा घेतला, आणि जाताना दारात म्हणाला, ‘‘इरा, या कपाटापायी पोरगं इथंच अडकणार बघ.’’ एवढंच म्हणाला. मतदान होणार हेही त्याला माहीत नव्हतं. म्हणून दादाला यात धरू नकोस. त्यानं काळजी बोलून दाखवली, चिठ्ठी मी लिहिली.

तुझ्याशी सरळ बोलता आलं असतं. पण तू वाद घालशील आणि मी हरेन हे मला ठाऊक होतं, लहानपणापासून हरत आलेय. तुला वाईट वाटेल, तू नोकरी धरशील, आणि दिवाळीला पेढे घेऊन घरी येशील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. रकाना हवाच हे मला पक्कं माहीत होतं. तीस वर्षं पुस्तकं देणंघेणं केलेली बाई मी, मला माहीत नसेल तर कुणाला? तरी ‘काढा’ लिहिलं. त्या सात बायडाबाईंची जी गत झाली ती माझ्यामुळे.

पण याहून वाईट पुढचं आहे. तू जाताना दारात म्हणालास, ‘‘हंबीरकाका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’’ ज्या माणसानं तुला स्कूटर शिकवली, ज्याच्या घरी तू अर्धं कॉलेज जेवलास, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी त्याच्या शेजारी कपबशांचा ट्रे घेऊन उभी होते. एक शब्द बोलले असते तर त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. मी ट्रे आत नेऊन ठेवला आणि कपबशा विसळत बसले.

आपल्या कामात सगळं उघडं असतं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली ते दहा वर्षांनीसुद्धा दिसतं. त्याच कामात मी हे तीन वर्षं झाकून ठेवलं.

काल ऑनलाइन बैठकीत सगळ्यांना सांगितलं. गुरुप्रसादनं कॅमेरा बंद केला. हंबीरराव माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘आदी सांगायचं की वो, बाई.’’ आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

रिलीजची जबाबदारी मी अंतराकडे दिली. सोडताना यादीत एक ओळ लिहून ठेवली: खुणेचा रकाना परत आल्याशिवाय चौथी आवृत्ती बाहेर काढू नये. तारीख गेली तर जाऊ दे. त्यावर सगळ्यांनी हो म्हटलं, या वेळी हात वर करून.

तेव्हा तुझी अट आता उरली नाही. हंबीररावांकडे मान्य करण्यासारखं काही नाही. काम करायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी करू नकोस, मला ते घेताही येणार नाही. तू नाही म्हणालास तर एसटीनं एकेका गावी जाऊन, ग्रंथपालाशेजारी बसून त्या खुणा मी नव्यानं भरीन. आकाराम बरोबर येतो म्हणालेत. दोनशे बारा गावं माझ्या हयातीत होणार नाहीत, पण जेवढी होतील तेवढी होतील.

मला फोन करायची घाई करू नकोस. केलास तरी मी काय बोलू? हंबीररावांना मात्र कर. दुपारी दोन ते चार ते झोपतात, एरवी कधीही कर. फोन पहिल्या रिंगलाच उचलतील. बुधवारपासून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच आहे.

आशीर्वाद नेहमीसारखेच आहेत. आज ते लिहायचा धीर होत नाही.

इरावती