खोलीत मावेल एवढं विमान

आई, आज खूप दमलेय. बसल्याबसल्या दमायला होतं हल्ली, तुला खोटं वाटेल. तू तर अंधेरीच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून रेडिओच्या पट्ट्यांवर कथलाचे डाग द्यायचीस, आणि घरी आल्यावर पुन्हा स्टोव्हला पंप मारायचीस. डोळे चुरचुरायचे म्हणून पदराचं टोक ओलं करून डोळ्यांवर ठेवायचीस, आणि तसंच आंधळ्यासारखं चाचपडत मला विचारायचीस, भात लागला का बघ गं.

दिंडोशीच्या मोकळ्या माळावर रविवारी काही हौशी लोक रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचे. मावशीकडून येताना तू एकदा तिथे थांबलीस आणि हललीच नाहीस. एक लांब पंखांचं ग्लायडर होतं, त्याच्यावर अंगठ्याएवढं इंजिन. ते कर्कश्श आवाज करत वर चढलं, इंधन संपलं, आणि एकदम गप्प होऊन तरंगत राहिलं. कारखान्यात तुझ्या कानांची वाट लागलेली. तू एवढंच म्हणालीस, "मला असं एकदा उडवायचंय. डोळे आहेत तोवर." मला हसू आलं होतं, पण तुझा चेहरा बघून गिळलं. मग मस्कतच्या मामाला सांगून तू विमान चालवायचा रेडिओचा डबा मागवलास. चाळीतल्या बायका म्हणाल्या, मिक्सर मागवायचा सोडून हे काय खूळ. तू कुणाला जुमानलं नाहीस.

राहिलं विमान. माळावरचे एक काका बोरिवलीला घरीच बनवायचे, त्यांच्याकडे दोन तयार होती. त्यांनी नीट समजावलं. पहिलं विमान मोठ्या पंखांचं घ्या, टोकं वर उचललेली असतील असं. ते सावकाश उडतं, आणि तुम्ही गोंधळलात तर नुसते डब्याच्या दांड्यांवरचे हात सोडायचे, ते आपलं आपण सरळ होतं. छोटं दिसायला झकास, पण पळतं. नव्या माणसाच्या हाती देऊ नये. पण मोठ्याचा पंख सलग, अख्खा. तू त्याच्या लांबीची सुतळी तोडून घेतलीस आणि आपण कांदिवलीला घरी आलो. रात्रपाळी करून बाबा खाटेवर झोपलेले. एक टोक तू धरलंस, एक मी. माळ्यावर बसेना, खाटेखाली बसेना, आडवं धरलं तर कपाटापासून थेट बाबांच्या नाकाशी. बाबा डोळे न उघडता म्हणाले, काय मोजताय गं मायलेकी, मी अजून जिवंत आहे. आपण दोघी किती हसलो. मग तू सुतळी गुंडाळलीस, आणि छोटं घ्यायचं ठरलं. कपाट आपण असंच घेतलं होतं, खाटही अशीच. आपल्या घरात वस्तू आधी मावायची, मग आवडायची.

छोटं घेऊन माळावर गेलो त्या रविवारी तू पदर खोचून उभी आहेस, गळ्यात डबा. काकांनी वर चढवून दिलं, इंजिन थांबलं, डबा तुझ्या हाती. "बघ, गप्प झालं," तू म्हणालीस, आणि मी विमानाकडे नाही, तुझ्याकडेच बघत राहिले. मग ते वळून आपल्याकडे यायला लागलं. समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, तुझा हात चुकला. काका ओरडले, हात सोडा. तू सोडलेस. मोठं असतं तर सावरलं असतं. हे सरळ दगडात गेलं.

तुकडे पदरात गोळा करून तू चालत होतीस. रडली नाहीस. म्हणालीस, "आपल्याला घर मोजायची सवय लागलीय गं. पुढच्या वेळी मोठं घेऊ, खाट बाहेर काढू." पुढची वेळ आलीच नाही. आधी डोळे गेले, मग तू गेलीस. त्या खोलीचा मला अजून राग येतो.

आता मी मुलुंडला राहते. हॉल एवढा मोठा की फोनवर बोलले तर आवाज घुमतो. गेल्या महिन्यात ते मोठ्या पंखांचं घेतलं, वर उचललेल्या टोकांचं. हल्ली इंजिन नसतं, बॅटरी असते. आणि गंमत ऐक, पंख दोन तुकड्यांत येतात, खोक्यात घालून कुठेही ठेवा. मी मात्र जोडून हॉलमध्ये आडवं ठेवलंय. कामवाली विचारते, ताई, सुटं करून ठेवू का, झाडताना मध्ये येतं. मी नको म्हणते. माळावर न्यायची अजून छाती होत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार, विमानाच्या रिकाम्या खोक्यातच ठेवीन. एक सांगायचं राहिलं. मागवायच्या आधी मी हॉल मोजला. सुतळीनेच. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून खिडकीच्या गजाला बांधलं.