माझ्या उजव्या हाताबाबत थोरल्या भावास

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

गुरुवार, दिनांक ४ सप्टेंबर, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. अण्णा, ही वेळ आधी नीट वाचा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

तीर्थरूप अण्णांना धाकट्या भारतीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनानं, उजवं अंग अजून जमिनीला टेकत नाही, आणि ते का टेकत नाही हाच या पत्राचा विषय आहे.) तुमची आणि सुप्रभा वहिनींची तब्येत बरी असेल, पुण्यातला पाऊस आटोक्यात असेल, अशी आशा करते. इकडे कल्याणराम आणि सूनबाई विनुता सुखरूप आहेत. मी देवनागरीत लिहितेय म्हणून दोघांना वाटतंय की आई स्तोत्र उतरवून घेतेय. दोघांनाही ही लिपी वाचता येत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे की एप्रिलमध्ये माझी उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि मेपासून केमोच्या चार फेऱ्या झाल्या. आता किरणोपचार आहेत, आणि त्यांची पहिली मोजणी ६ ऑक्टोबरला. त्या यंत्राखाली उताणं पडून हात डोक्याच्या वर नेऊन ठेवावा लागतो, न हलवता. माझा हात जूनमध्ये खांद्यापर्यंतही जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, हात वर गेला नाही तर उपचार लांबेल. मी म्हटलं, मग वर न्यायला शिकवा. त्यांनी एक कागद दिला. तो झेरॉक्सचा झेरॉक्स होता आणि चित्रातल्या बाईचा एक हात शाईत बुडून गेला होता, त्यामुळे तो खास माझ्यासाठीच काढला असावा असं मला वाटलं.

मी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. कागद मिळाला की काम झालं असं मी समजत नाही. मी माणूस शोधायला निघाले. नव्या बसस्टँडजवळच्या व्यायामशाळेत सतीशकुमार नावाचे शिक्षक आहेत, त्यांचा एक दंड माझ्या कमरेएवढा. त्यांनी विचारलं, "मॅडम, टार्गेट काय?" मी म्हटलं, चौकातल्या पोलिसासारखा हात वर. ते घाबरले (माणूस भला आहे) आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, काय करून घेणार ते व्यायामशाळेनं लिहून द्यावं, मग मी चिठ्ठी देतो. व्यायामशाळा म्हणाली, चिठ्ठी पाहिल्याशिवाय लिहून कसं देणार. मी तीन खेपा केल्या. इतकी निर्दोष फाईल मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती.

मग गल्लीतल्या सगळ्यांनी सांगितलं म्हणून योग शिकवणाऱ्या राममूर्तींकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं की हा रोग गिळलेल्या रागातून होतो. मी त्यांना विचारलं की हे कोणत्या तपासणीत दिसतं, आणि मी आयुष्यात राग गिळल्याचं त्यांना कोणी सांगितलं. पुढची दहा मिनिटं मी गिळलेलं काही नाही हे त्यांना सप्रमाण दाखवलं. बाहेर पडले तेव्हा चपला घालताना दम लागला आणि त्यांच्याच पायरीवर बसावं लागलं. त्यांनीच पाणी आणून दिलं. हेही लिहिते, कारण खोटं लिहायची मला सवय नाही.

शेवटी माणूस सापडला तो केमोच्या खोलीत. शेजारच्या खुर्चीवर कामाक्षी नावाची बाई होती, माझ्यासारखीच शस्त्रक्रिया झालेली. जाताना तिनं आपली पिशवी वरच्या फळीवरून काढली, त्याच बाजूच्या हातानं. मला सलाईन लावलेलं होतं, नाहीतर मागे धावले असते. तिनं नंबर दिला: हरिणी, फिजिओथेरपिस्ट, ओरत्तनाडूहून टाऊन बसनं येते, आणि कॅन्सरच्या पेशंटांबरोबर काम करण्याचं वेगळं शिक्षण घेतलेलं आहे.

अण्णा, ही मुलगी पहिल्या दिवशी व्यायाम शिकवायलाच तयार होईना. रक्ताचे रिपोर्ट पाहिले, झोप विचारली, कोणत्या दिवशी थकवा जास्त ते विचारलं, मग टेप काढून दोन्ही हातांचा घेर चार-चार ठिकाणी मोजून लिहिला. (हाताला सूज येते का ते असं कळतं. विनुताला वाटलं ब्लाऊज शिवणारी आलीय. तिनं आपलंही एक कापड आणून ठेवलं.) मग म्हणाली, "अम्मा, घरात एखादी लांब काठी आहे?" आमच्याकडे सोवळ्याची ओली वस्त्रं उंच बांबूवर टाकायची माझ्या सासूबाईंची काठी आहे. ती दोन्ही हातांत धरून निजायचं आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला वर न्यायचं. सोवळ्याची काठी बाटली म्हणून विनुता तीन दिवस माझ्याशी कमी बोलली, पण जुलैपासून दर सोमवारी आणि गुरुवारी हे चाललं आणि हात कानापर्यंत आला. केमोनंतरच्या वाईट दिवसांत ती मला फक्त अंगणात सात मिनिटं चालवायची आणि घड्याळ बघून बसवायची. मला कोणी बसवलं आणि मी ऐकलं, असं कॉन्व्हेंट सुटल्यावर प्रथमच झालं.

आता नऊ वीस. मी न्हाणीघरात होते. (डोक्यावर केस नसल्यानं हल्ली मला न्हायला चार मिनिटं पुरतात. तेवढ्यात तुम्ही राज्य केलंत.) हरिणी ओटीवर येऊन बसली होती, कल्याणरामचा फोन झोपाळ्यावर, तुमचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता. "ऑपरेशन झालेल्या माणसानं पडून राहायचं असतं. भारतीला हलवू नका. त्या मुलीला परत पाठवा." माझा मुलगा एकोणपन्नास वर्षांचा आहे, बँकेत लोकांना नाही म्हणायचा पगार घेतो, पण ज्यांनी त्याच्या मुंजीत मांडीवर बसवलं त्यांना तो फक्त "सरी, मामा, सरी", म्हणजे बरं, मामा, बरं, एवढंच म्हणू शकतो.

नुसतं परत पाठवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आपल्या घरातून बाई रिकाम्या हातानं कशी जाणार? विनुतानं तिला पाटावर बसवून कुंकू लावलं, विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि खण दिला. हरिणीनं काय समजावं? मी फोन केला तेव्हा म्हणाली, "अम्मा, ओटी भरली, मला वाटलं तुमचे उपचार संपले. बसमध्ये मला रडू आलं आनंदानं." आणि त्या आनंदात तिनं माझी वेळ वाट पाहणाऱ्या दुसऱ्या बाईला देऊन टाकली. इतक्या मानानं मला आजवर कोणी बुडवलं नव्हतं.

आता तिच्याकडे एकच जागा उरली आहे: २२ तारखेपासून, सोमवार-गुरुवार, दुपारी चार. ती शुक्रवारपर्यंत, म्हणजे १९ पर्यंत, राखून ठेवते म्हणाली. पण तिची अट आहे की घरातले सगळे एका बाजूला हवेत. रोज एक जण काठी देणार आणि एक जण काढून घेणार, असं तिला चालत नाही. मला पटलं. कल्याणराम म्हणतो, मामांनी सांगितलं तर. मी त्याच्याशी भांडले असते, पण तो भांडत नाही, जेवण सोडतो. तोवर मी भिंतीवर बोटं चढवते आणि रोज पेन्सिलीनं खूण करते. गुरुवारची खूण आणि आजची खूण एकाच जागी आहे. खाली गेलेली नाही, हे नोंदवून घ्यावं.

तेव्हा तुम्ही कल्याणरामला चार ओळी लिहाव्यात की आधीचा हुकूम मागे घेतला आहे आणि भारतीचं काय करायचं ते हरिणी ठरवेल. तमिळमध्ये लिहा, म्हणजे त्याला वाचता येईल. फोनवरून पाठवलेला कागदाचा फोटो चालेल. फोनवरचं बोलणं चालणार नाही. त्याचा अनुभव घेतला.

तुमची आज्ञाधारक (या एका बाबीखेरीज),
भारती

ता. क. वहिनींना रागावू नका.

ता. क. दुसरा. कशाबद्दल ते लिहायला हवं. शनिवारी त्यांनी मला फोन केला. तुमच्या प्रोस्टेटचं मला कळलं. मेपासून इंजेक्शनं चालू आहेत, किरणोपचार जुलैअखेर संपले आणि तेव्हापासून तुम्ही जिना उतरलेला नाही, हेही कळलं. म्हणजे गुरुवारी तुम्ही जे बोललात ते पलंगावरूनच बोललात. मला सांगितलं नाहीत याचा राग यायला हवा होता, आला. पण त्याआधी मी वहिनींना पायऱ्या किती ते विचारलं. अठरा आहेत.

वरचं सगळं खरं आहे, पण कल्याणरामला मी दोन दिवसांत वळवीन, त्याला भूक लागतेच. हे पत्र मी तुमच्यासाठी लिहिलंय. हरिणीची वर्गमैत्रीण वर्षा पुण्यात हेच काम करते. ती सोमवारी, २२ सप्टेंबरला, सकाळी साडेदहाला तुमच्याकडे येईल. त्या इंजेक्शनांनी स्नायू झडतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून आधी हाडांचे रिपोर्ट पाहील, मग फार तर खुर्चीतून उठवेल आणि बसवेल. पहिल्या दिवशी एवढंच. वहिनींनी रिपोर्ट काढून ठेवले आहेत. दार त्या उघडतील, पण उठायचं तुम्हालाच आहे.

तर मला दोन उत्तरं हवीत, दोन्ही लेखी, दोन्ही शुक्रवार, १९ सप्टेंबर, दुपारी चारच्या आत. मला उठू देता का, आणि तुम्ही उठता का. पहिलं आलं नाही तर मी कसंही निभावून नेईन. दुसरं आलं नाही तर मला निभावता येणार नाही.