विहिरीकडची बाजू

गुरुवार, दिवेलागणीनंतर

डोकं नुसतं तापलंय. आणि राग आलाय तोही स्वतःचाच.

शाळेच्या मैदानावर झालेल्या सात सामन्यांत आमच्या फुटबॉलच्या मुलींचा एकेक पास मी कट्ट्यावर बसून वहीत टिपला. पहिल्या हाफमध्ये स्वतःच्या डावीकडून खेळल्या, तर दुसऱ्यात उजवीकडून. एखाद्या सामन्यात आधी उजवीकडून, तर मग डावीकडून. दर वेळी तेच! मी गणिताची बाई, हुरळून गेले. काय डावपेच आहे! खेळाच्या सरांना रंगीत आलेख काढून दिला. त्यांनीही मान डोलावली. कशाला डोलावली?

आज सरावानंतर तोच आलेख मुलींना दाखवला. कॅप्टन वैष्णवी बघतच राहिली.

"मॅडम, हाफ टाइमला बाजू बदलत्यात ना? विहिरीकडं लई सराटे हायेत. तिकडं पडलं की हातापायात काटेच काटे. म्हनून आमी तिकडं जातच न्हाई."

बाजू बदलतात. त्यांची डावी उजवी होते, मैदानाच्या कडेची विहीर मात्र जागीच राहते. एवढं साधं मला सात सामने कळू नये? वहीत डावी-उजवी लिहिली, विहीर लिहिलीच नाही. एकदा उठून तिकडे चालत गेले असते, तर माझ्याच चपलेत सराटा घुसला असता.

परवा पारनेरला सामना. तिथलं मैदान साफ आहे. "तिथं तरी सगळं मैदान वापरा गं," मी म्हणाले.

"बघू मॅडम. सवय न्हाई."

पाचवीपासून या पोरी अर्ध्याच मैदानावर खेळतायत, आणि मी त्याला डावपेच म्हणाले.