उपासाला न चालणारी गोळी

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. मेंदूचा अभ्यास नोंदवून ठेवलेला बरा, पुढे डॉक्टरांच्याही उपयोगी पडेल. गेल्या वर्षी २४ ऑगस्टला मुलुंडच्या भाजीमार्केटात मला चक्कर आली, थेट दोडक्यांच्या ढिगावर. डॉ. तेजल तिला फिट म्हणतात. वर्षभर पुन्हा आली नाही तर गाडी चालवायचं बघू, असं म्हणाल्यात. एकवीस दिवस उरले. २५ला पहाटे गणपतीसाठी राजापूर, स्टिअरिंगवर मी. मृणालिनीने विचारलं, बसची तिकिटं काढून ठेवू का? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा विश्वास कमावला.

४ ऑगस्ट
वाचन. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारख्या 'चल चल' म्हणत असतात. 'थांब' म्हणणारं रसायन म्हणजे गाबा. ते जिथे जाऊन बसतं ते रिसेप्टर. हे काम बिघडलं की पेशी एकदम कल्ला करतात आणि माणूस आडवा. माझी गोळी त्या रिसेप्टरला मदत करते, म्हणजे ब्रेक नीट लागतो. मला दोन तासांत समजलं. डॉक्टर लोक यात दहा वर्षं घालवतात.
शंका: दिवसभर ब्रेक दाबून ठेवला तर गाडी चालेल कशी? सकाळच्या गोळीनंतर अकराला डुलकी येते ती यामुळेच.

५ ऑगस्ट, एकादशी, सकाळी ८
गार्गीला (कन्या, बी.फार्म., तिसरं वर्ष) सहज विचारलं, गोळीत औषधाशिवाय काय असतं. बाबा, स्टार्च असतो, बऱ्याचदा मक्याचा, म्हणाली. मका! धान्य! आणि आज एकादशी! वर्षभर मी अजाणता उपास मोडत होतो. (उपास करत नव्हतो, तो भाग वेगळा.)
निर्णय: उपासाच्या दिवशी सकाळची गोळी बंद. संध्याकाळची घेणार, मी काही अडाणी नाही. गोळी देवघरातल्या सुपारीच्या डबीत. घरात बोललो नाही. धर्माचा गाजावाजा करू नये.

९ ऑगस्ट, श्रावणी शनिवार
खिचडी दोनदा घेतली. अकराला डुलकी नाही. बघा!
मृणालिनी रोज साडेसहाला भजनी मंडळात जाते. हल्ली डावा पाय दुखतो म्हणे. टाळ पायाने वाजवतात की काय.

१२ ऑगस्ट, अंगारकी
काल सोमवार, आज अंगारकी. सलग दोन. मेंदू तरतरीत. चहा पिताना डावा हात दोनदा उडाला, चहा लुंगीवर. कपाचा कान गुळगुळीत आहे. नवीन कप आणणे.
मृणालिनीने विचारलं, अहो, रिव्हर्स घेताना आरशात बघायचं की मागे वळून? बायकांना उगाच कुतूहल. चाळीस मिनिटं समजावलं.

१३ ऑगस्ट
घाटकोपरला डॉ. तेजलकडे. गोळ्या वेळेवर ना, विचारलं. शास्त्राप्रमाणे, म्हणालो. यात खोटं काय? एकही चुकवू नका, मध्येच सोडलीत तर पेशी दुप्पट जोराने उठतात, असं त्या म्हणाल्या. मग मी त्यांना रिसेप्टर समजावून सांगितले. त्या घड्याळाकडे बघत होत्या. वेळ कसा जातो कळत नाही.

१६ ऑगस्ट
काल जन्माष्टमी, आज शनिवार. हात आज तीनदा उडाला. कप नवीन आहे.
सोसायटीचा सेक्रेटरी नंदकिशोर माझं भाषण ठेवतोय. (मीच सुचवलं.) १९ तारीख, सायंकाळी ५, सोसायटी ऑफिस. विषय: मेंदूचे ब्रेक आणि आपण.

१९ ऑगस्ट, एकादशी, दुपारी ३
भाषण तयार. मुद्दे तीन. पहिला, गाबा. दुसरा, रिसेप्टर. तिसरा, फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नये, कुशीवर वळवावं. काल सोमवार होता. डबीत आठ गोळ्या झाल्या. आता पाचच दिवस.

२१ ऑगस्ट, हॉस्पिटल
जीभ चावली गेली आहे, त्यामुळे बोलणं बंद. लिहायला हरकत नाही.
मला काही आठवत नाही. नंदकिशोर सांगतो, दुसऱ्या मुद्द्यावर मी खाली पडलो आणि झटके देऊ लागलो. प्रात्यक्षिक समजून दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग चप्पल हुंगवली. कोल्हापुरी. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत मी पोहोचलोच नव्हतो.
मृणालिनी पूजेला सुपारी काढायला गेली आणि तिला डबी सापडली. आज तिने आठही गोळ्या माझ्यासमोर ओळीत मांडल्या. वाटलं, ओरडेल. ती रडली. म्हणाली, तुम्हाला काही आठवत नाही हो, मला सगळं आठवतं. त्या दोडक्यांवर तुमचे डोळे पांढरे झालेले मी बघितलेत. मला वाटलं, गेलात.
उपासाचा मुद्दा काढणार होतो. जीभ दुखत होती.

२५ ऑगस्ट, पहाटे ५, गाडीत
डॉक्टरांनी वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरलं. उरले ३५९ दिवस.
बसची तिकिटं संपलेली. मी म्हणालो, आता झाली वाट! मृणालिनीने पर्समधून लायसन्स काढलं. जूनमध्येच मिळालंय. भजनी मंडळ म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल; लायसन्सनंतरही घाटासाठी सराव चालूच होता. इतके दिवस का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, वर्ष पुरं झालं असतं तर तुम्हीच चालवणार होतात. मी नुसती शिकून ठेवली.
पुढच्या सीटवर मखर, बेल्ट लावून. मागे गार्गी, मी आणि नारळांचं पोतं.

त्याच दिवशी, परशुराम घाट
चालवते बरी. तरी प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय जोरात खाली जातो. मागच्या सीटला ब्रेक नसतो. आरशातून तिने विचारलं, आठची गोळी घेतलीत?
हो म्हणालो. आज सोमवार आहे, तरी घेतली.