गौरवीच्या नळ्या

शिरगाव, १० फेब्रुवारी २०२४

चि. गौरवीस अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर दोन वाक्यांत खोकला येतो, म्हणून लिहितो. तुझ्या बेंगळुरूच्या मैत्रिणी हसल्या तर हसू देत.

तुझ्या नळ्यांचा फोटो सगळ्यांना दाखवला. सिमेंटच्या पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या ज्या तंतूंनी माझी छाती धरली, तसलेच माझी मुलगी प्रयोगशाळेत बनवते! गर्व करावा की कपाळावर हात मारावा? मी गर्व केला. करता येतं ते मोडताही येणारच. खाणीच्या शेडवर भिकाजी आणि मी पत्रे कापायचो, त्यालाही आता हाच आजार. तू औषध काढते आहेस, असं त्याला बोलून गेलो. त्याने लगेच लईराई देवीला नवस केला, बरा झालो तर जत्रेत व्रत धरून धोंड होईन आणि होमखणाच्या निखाऱ्यांतून चालेन. आता रोज येऊन विचारतो, औषध कधी?

कळव लवकर. आईचा आशीर्वाद.
तुझा बाबा

बेंगळुरू, १९ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणी हसल्या नाहीत, अक्षराचं कौतुक केलं.

बाबा, मी औषध करत नाही. मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्यात घालून बंद भांड्यात तापवते. त्यातून पातळ पापुद्रा होतो आणि चटईसारखा आपोआप गुंडाळतो, तीच नळी. कोणती नळी पेशींना जास्त बाधते, एवढंच आम्ही तपासतो. ती मोडते, पण तीव्र आम्लात. तुमच्यासाठी सगळं करून पाहिलं. छातीत आम्ल कसं घालू? त्या दिवशी फार रडले. भिकाजीकाकांना खरं ते सांगा.

लोभ आहेच, तो असाच राहावा.
आपली गौरवी

शिरगाव, २८ फेब्रुवारी

चि. गौरवीस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा भिकाजी समोरच होता. त्याला वाचता येत नाही, मोठ्याने वाच म्हणाला. औषधाची ओळ गाळली, चटईपर्यंत वाचलं आणि खोकल्याचं सोंग केलं. तेवढं मला आता उत्तम जमतं.

तुझ्यावर राग नाही गो बाय. मलाही आतून वाटत होतं, काहीतरी होईल. आता वाटत नाही. पण त्याला सांगणं माझ्याने होत नाही. काल तो वेताची नवी काठी घेऊन आला, धोंड धरतात तशी. मला दाखवली आणि पुन्हा कापडात गुंडाळून नेली.

एवढं कर. पुढच्या पत्रात औषधाची तारीख लिही, कुठलीही. फक्त फार लांबची नको. तो तेवढा थांबणार नाही, आणि वाचून दाखवायला मीही असायला हवा.

माया ठेव.
तुझा बाबा